ठेवलेली चूक, झालेली चूक

खिडकीजवळच्या खुर्चीवरून त्या रविवारी पुन्हा भांडण झालं. यात नवल काही नव्हतं. या घरात खोल्यांवरून, दागिन्यांवरून कधी कुणी आवाज चढवला नाही. चढवला तो फक्त त्या खुर्चीवरून. खुर्ची तरी कसली, एका हाताचं पॉलिश उडालेली, बसलं की कुरकुरणारी. पण ती बाबांची होती आणि तिच्यात बसायचं तर ती जिंकावी लागायची.

जेवताना बाबा काहीतरी सांगायचे आणि त्यात मुद्दाम एक चूक ठेवायचे. ज्याला ती कळेल त्यानं "सापडली!" म्हणून ओरडायचं. मग बाबा मान तिरकी करून विचारायचे, "कशावरून?" कारण पटलं की बाबा उठून स्टुलावर जायचे आणि शोधणारा खुर्चीत. ही रीत छापखान्यातल्या आजोबांची. मुद्रितं तपासणाऱ्याला डुलकी लागू नये म्हणून ते पानात एक चूक आपणहून सोडत. तशी एक सुटून छापली गेली तेव्हा मोठं रामायण झालं होतं. बाबा विज्ञानाचे मास्तर झाले आणि आजोबांची खोड त्यांनी वर्गात नेली. रोजच्या तासाला एक चूक, घंटा व्हायच्या आत शोधायची. त्यामुळे त्या भागातल्या निम्म्या लोकांना कुणी काही सांगितलं की भुवई वर करायची सवय लागली होती, आणि दुकानदार त्यांच्यावर वैतागलेले असत.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं आणि भाषण बाबांचं होतं. म्हणून आज जेवण आटोपल्यावर घरातच रंगीत तालीम. बाबा स्टुलाला व्यासपीठ मानून त्याच्यामागे उभे राहिले. समोर आई, आणि आपापल्या घरून रविवारच्या जेवणाला आलेले थोरला, थोरल्याची बायको आणि धाकटी.

"मित्रहो," बाबा म्हणाले, "फळ्यावर लिहिलेलं सगळं खरंच असतं असं मुलांना वाटतं. पुढे त्याच मुलांना वाटायला लागतं, की छापलेलं खरं असतं, मोठ्या आवाजात सांगितलेलं खरं असतं, दहा जण म्हणतात ते खरं असतं. ही खोड फळ्यापाशी लागते, म्हणून ती फळ्यापाशीच मोडायला हवी. मात्र मास्तरावरचा विश्वास न मोडता. हे जरा कौशल्याचं काम आहे."

"वा!" थोरला म्हणाला. वडिलांचं बोलणं ऐकताना त्याची छाती आपोआप पुढे यायची.

"आपली जुनी प्रयोगशाळा जळाली, तो दिवस मला आठवतो. त्याच वर्षी आमच्या धाकटीचा जन्म झाला..."

"सापडली!" थोरल्यानं टेबलावर थाप मारली. "धाकटी तेव्हा शाळेत होती. माझ्याबरोबर बाकं ओढून बाहेर काढत होती. फ्रॉक काळाकुट्ट करून घरी आली आणि मार मला बसला!"

"शाबास!" बाबा हसले. सगळेच हसले.

"हा पक्षपात आहे," धाकटी म्हणाली. "माझ्याच जन्माची चूक, आणि शोधणार हा?"

"पुढे ऐका," बाबा म्हणाले. "निसर्ग आपल्याला सारखा प्रश्न विचारत असतो. ढगांकडे बघा. आधी गडगडाट ऐकू येतो आणि मग वीज दिसते. असं का होतं, हे..."

"सापडली!" आता धाकटी.

बाबांनी मान तिरकी केली. डोळे लकाकले. "कशावरून?"

"आधी वीज दिसते, मग आवाज येतो. वीज चमकली की अंक मोजायचे आणि ती किती लांब आहे ते सांगायचं, हे तुम्हीच गच्चीवर शिकवलंत. दादा घाबरून मोजायचाच विसरायचा."

"मी घाबरायचो नाही. मी खाली काम असायचं म्हणून जायचो."

"पलंगाखाली!"

खुर्ची कुणाची यावर मग तुंबळ युद्ध झालं. तोवर बाबांनी भाषण पुढे चालू केलं होतं आणि थोड्या वेळानं ते म्हणाले, "आपली जुनी प्रयोगशाळा जळाली, तो दिवस मला आठवतो..."

"बाबा, आज चुकांचा सेल लावलाय का?" थोरला हसत म्हणाला. "ही तिसरी!"

"उद्या मोठा दिवस आहे ना," बाबा म्हणाले. "थांबा, माझा चष्मा आत राहिला." आणि ते खोलीत गेले.

थोरल्याची बायको मात्र या वेळी हसली नव्हती.

तिला या घरात सगळे 'गोळीवाली' म्हणायचे. इस्पितळातल्या औषधांच्या खिडकीमागे ती काम करायची. डॉक्टरांची अक्षरं लावायची, डबीवर मात्रा लिहायची आणि समोरच्या माणसाला दोनदा समजावून सांगायची. ती ज्या घरातून आली तिथं मोठी माणसं बोलली की विषय संपायचा. इथं आल्यावर पहिल्याच जेवणात तिनं पाहिलं, की नवरा सासऱ्यांना "तुम्ही चुकलात" म्हणून ओरडतोय आणि सासरे आनंदानं स्टुलावर जाऊन बसतायत. तिचा घास हातातच राहिला होता. पण गंमत अशी, की लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिनं ती खुर्ची एकदाही जिंकली नव्हती. तिला चूक कळायची, पण "सापडली" म्हणायला तोंड उघडेपर्यंत भावंडांपैकी कुणीतरी टेबलावर थाप मारलेली असायची.

ताटं उचलून ती स्वयंपाकघरात आली. मागोमाग नवरा पेले घेऊन, नणंद भांडी घेऊन. आई ओट्याशी उभ्याच होत्या.

"बाबांनी भाषणात चूक एकच ठेवली होती," ती म्हणाली. "विजेची. प्रयोगशाळेची ठेवलेली नव्हती."

"म्हणजे?" थोरला म्हणाला.

"ती झालेली होती."

नळ चालू होता. आईंनी तो बंद केला.

धाकटीनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. उद्याच्या कार्यक्रमासाठी बाबांचं नाव तिनंच सुचवलं होतं. ती त्याच शाळेत शिकवत होती आणि तिथल्या सभेत तिला बरंच झुंजावं लागलं होतं. 'मुलांना चुकीचं सांगून शिकवणारे मास्तर' अशी एका पालकांनी पूर्वी केलेली तक्रार अजून काही जणांच्या लक्षात होती. मुलांना पाठ करायला तयार प्रश्नोत्तरं हवी होती, पालकांना गुण हवे होते, आणि वर्गात एखाद्या मुलीनं "पण बाई, असं का?" विचारलं की बाकीची पोरं घड्याळाकडे बघत. अशा ठिकाणी बाबांनी उद्या उभं राहून बोलावं, यासाठी तिनं जिवाचं रान केलं होतं.

"वहिनी," ती म्हणाली, "राग मानू नकोस, पण तुला हा खेळ कधी जमलाच नाही. ते आम्हाला चकवतात. लहानपणापासून चकवतायत."

"तेच तर," थोरल्यानं बहिणीची बाजू उचलून धरली. "मोठा दिवस म्हणून जास्त चुका ठेवल्या असतील. तसं म्हणाले की ते."

"मग त्यांनी 'कशावरून' का नाही विचारलं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"विजेच्या वेळी विचारलं," ती म्हणाली. "मान तिरकी करून, डोळे बारीक करून विचारलं. प्रयोगशाळेच्या वेळी नुसते हसले. उत्तर माहीत असेल तरच माणूस परीक्षा घेतो ना? मागे एकदा ते खिडकीवर आले, रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला. आठवडासुद्धा झाला नव्हता, महिन्याच्या गोळ्या नेल्या होत्या. मी म्हटलं, बाबा, परवाच नेल्यात की. तर म्हणाले, 'शाबास! बघत होतो, ओळखतेस का.' मी त्या दिवशी घरी नाचत आले. आठवतंय तुला?"

थोरल्याला आठवत होतं. जिन्यातूनच ती ओरडत आली होती, "मला सापडली, मला सापडली!" आणि त्यानं तिला पेढा भरवल्यासारखी साखर भरवली होती.

थोरला लिफ्ट तपासणारा अधिकारी होता. दिवसभर तो इमारतींच्या माथ्यावरच्या अंधाऱ्या खोल्यांत जाऊन लोखंडी दोरांवरून चिंधी फिरवायचा. तुटलेली तार असली तर चिंधी अडकते. सगळं ठीक असल्याच्या सह्या त्याच्यासमोर धरल्या तरी तो चिंधी फिरवल्याशिवाय हलायचा नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, माझे वडील मास्तर आहेत. आणि घरात आल्यावर मात्र इतके दिवस चिंधी खिशातच ठेवून तो हसत बसला होता. हे त्याच्या लक्षात आलं आणि तो एकदम स्वयंपाकघरातल्या डब्यावर बसला.

"कार्यक्रम रद्द करू," तो म्हणाला. "ताप आलाय म्हणून सांगू."

"वा रे वा!" धाकटी उसळली. "आत्ता माझ्या बाजूनं होतास ना? बाबांच्या नावानं खोटं बोलायचं? आणि तेही शाळेशी?"

"मग काय चारचौघांत हसं होऊ द्यायचं त्यांचं?"

"वहिनी म्हणते म्हणून तू लगेच..."

"ती म्हणते म्हणून नाही. तिनं कारण दिलं म्हणून."

"पोरांनो, हळू," आई म्हणाल्या.

त्या सगळ्यांत आई एवढंच बोलल्या होत्या आणि नेमकं तेच धाकटीला खुपलं. आई गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"आई, तुला माहीत होतं?"

आईंनी हात पुसले. दोनदा पुसले. "झोपताना विचारतात, 'पोरं जेवली का?' मी म्हणते, जेवली. मग झोपतात. आता पोरं म्हणजे तुम्ही घोडे, आपापल्या घरी जेवलाच असाल, म्हणजे मी काही खोटं बोलत नाही."

कुणाला हसू आलं नाही, मग त्यांनाच थोडं आलं.

"आम्हाला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत? ऊठसूट 'कशावरून' विचारणारी दोन पोरं वाढवली मी. साऱ्या जगाला विचारता. बापाला विचारायची वेळ आली तेव्हा टाळ्या वाजवत होतात." त्यांनी सुनेकडे पाहिलं. "हिनं विचारलं. मला तर बाई हायसं वाटलं. एकटीनं ओझं धरून हात भरून आले होते."

गोळीवालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आईंनी आपल्या ओल्या फडक्यानंच ते पुसलं.

"कशावरून?"

आवाज दारातून आला. बाबा चौकटीला हात लावून उभे होते. कधीपासून, कोण जाणे. चष्मा कपाळावर होता.

"बाबा, आम्ही नुसतं..." थोरला उठला.

"तू बस. मी हिला विचारतोय." त्यांनी मान तिरकी केली. "सूनबाई, चूक झालेली आहे म्हणतेस. कशावरून?"

गोळीवालीला वाटलं, आपण ओट्याखाली शिरावं. माहेरी असती तर शिरलीही असती. पण बाबांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तोंडी परीक्षा घेणारा मास्तर तिच्यासमोर उभा होता आणि तिचं उत्तर यावं अशी त्यालाच इच्छा होती, असं तिला दिसलं.

"तुम्ही प्रयोगशाळेच्या चुकीचं कारण विचारलं नाहीत," ती म्हणाली. "आणि गोळ्यांच्या वेळीही नाही."

"दोनदा झालं तर योगायोग असेल."

"आज प्रयोगशाळेचं पुन्हा सुरू केलंत. त्याच शब्दांत."

"हं. आणखी?"

"आईंना झोपताना विचारता ते."

"ती ऐकीव माहिती. पण साक्षीदार विश्वासाचा आहे, धरू." त्यांनी आईंकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. "बरं. याचा अर्थ मास्तरांचं डोकं गेलं, असाच होतो? दुसरं काही कारण असू शकतं?"

"असू शकतं," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज खिडकीमागचा झाला, दोनदा समजावून सांगणारा. "झोपेची नवी गोळी चालू केलीय तुम्ही. तिनं काही जणांना असं होतं. एखादं जीवनसत्त्व कमी झालं तरी होतं. किंवा वयानंही असेल. मला माहीत नाही. म्हणून आपण अंदाज बांधायचे नाहीत, डॉक्टरांकडे जायचं. मी बरोबर येईन."

बाबांनी चौकटीवरचा हात काढला. मग पुढे आले, तिचा हात धरला आणि तिला बाहेरच्या खोलीत नेलं. खिडकीजवळची खुर्ची मागे ओढली.

"बस."

"बाबा, नको..."

"नियम म्हणजे नियम. बस."

ती बसली. खुर्ची कुरकुरली. बाबा स्टुलावर बसले. बाकीचे तिघं दाराशी घुटमळत होते.

"मला भीती वाटत होती," बाबा म्हणाले. ते हे इतकं साधेपणानं म्हणाले, की धाकटीला रडूच फुटलं. "पहिल्यांदा चुकलो तेव्हा हा टाळ्या वाजवायला लागला. मला वाटलं, बरं झालं, झाकलं गेलं. मग तशी सवयच लागली. उभा जन्म पोरांना सांगितलं, चूक झाकू नका, आणि शेवटी मीच खेळाचं पांघरूण घेऊन बसलो."

"मी विचारायला हवं होतं," थोरला म्हणाला.

"तू माझ्यावर विश्वास ठेवलास. तो गुन्हा नाही. पण ऐका." ते सुनेकडे वळले. "लोकांना वाटतं, शंका घेणं म्हणजे माणसाचा अपमान करणं. घरात तर फारच. पण ज्याचं आपल्याला काही वाटत नाही, त्याचं बोलणं आपण इतकं लक्ष देऊन ऐकतच नाही. मी 'कशावरून' विचारायचं विसरलो, हे कळायला माझं 'कशावरून' किती वर्षं कान देऊन ऐकलं असशील तू! ठेवलेल्या चुका शोधणारे मला पुष्कळ मिळाले, बाळ. न ठेवलेली शोधणारी तू पहिली. माझं शिकवणं फुकट गेलं नाही."

"मी तुमच्या वर्गात नव्हते," गोळीवाली म्हणाली.

"होतीस की. मागच्या बाकावर. मागच्या बाकाकडे मास्तरांचं लक्ष नसतं, ही जुनी तक्रार आहे." ते हसले. मग हात जोडून म्हणाले, "तुझे उपकार झाले."

धाकटी पुढे येऊन वहिनीच्या खुर्चीपाशी जमिनीवरच बसली आणि तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. "मघाशी मी काहीबाही बोलले."

"माझं लक्ष नव्हतं," वहिनी म्हणाली.

"खोटं. तुझं सगळीकडे लक्ष असतं."

"मग उद्याचं काय?" थोरल्यानं विचारलं.

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी आईंकडे.

"तुम्हाला बोलायचंय?" आई म्हणाल्या.

"बोलायचंय. पण लपवून नाही."

"मग बोला. पोरं बसतील पुढे. आणि चष्मा कपाळावर आहे, तो डोळ्यांवर घ्या."

सकाळी नव्या सभागृहात रंगाचा वास होता. धाकटी भिंतीशी आपल्या वर्गाजवळ उभी होती. घरचे पुढच्या रांगेत. जवळच ते तक्रारवाले पालकही हाताची घडी घालून बसले होते.

बाबांनी कागद आणला नव्हता. ते म्हणाले, "मुलांनो, मी पूर्वी तासाला एक चूक ठेवायचो. आज एकही ठेवलेली नाही. पण अलीकडे माझं विसरणं वाढलंय, तेव्हा चुका होतील. त्या कुठं होतील ते मलाच माहीत नाही, म्हणजे आजचा पेपर अवघड आहे. कळली तर हात वर करा. मला मदत होईल."

मुलं हसली, मग हसावं की नाही अशा गोंधळात गप्प झाली. बाबा बोलू लागले. फळ्याचं बोलले, छापखान्यातल्या आजोबांचं बोलले, मोठ्या आवाजाला घाबरू नये म्हणाले. चांगलं बोलत होते. थोरल्याची छाती पुढे आली होती. आणि मग ते म्हणाले, "माझे वडील छापखान्यात काम करायचे. पानात एक चूक ते आपणहून सोडत..."

हे त्यांनी थोड्या वेळापूर्वीच सांगितलं होतं. सभागृहात कुजबुज झाली. पुढच्या रांगेत आईंनी सुनेचा हात घट्ट धरला.

धाकटीच्या वर्गातला एक हात वर गेला. "असं का" विचारते म्हणून जिच्याकडे बाकीची पोरं वैतागून बघायची, तीच मुलगी होती. ती उभी राहिली. "सर, हे तुम्ही मघाशी सांगितलंत."

बाबा थांबले. धाकटीला तिथून त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता. मग तिला त्यांची मान दिसली. ती हळूच तिरकी झाली.

"कशावरून?"

"तुम्ही म्हणालात, तपासणाऱ्याला डुलकी लागू नये म्हणून," ती म्हणाली. "तेव्हा मला हसू आलं होतं, म्हणून लक्षात राहिलं."

बाबांनी मागे वळून पाहिलं. व्यासपीठावर पाहुण्यांसाठी मांडलेली त्यांची उंच पाठीची खुर्ची रिकामी होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी ओढत पुढे आणली, कडेपर्यंत आणली.

"ये," ते म्हणाले. "वर ये. ही तुझी."

मुलगी चढून आली आणि खुर्चीत बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते. पुढच्या रांगेत गोळीवालीनं थाप मारायला टेबल शोधलं. ते नव्हतं, म्हणून तिनं नवऱ्याच्या गुडघ्यावरच थाप मारली. बाबांनी त्या मुलीकडे वाकून विचारलं, "आता मला सांग बाळ, मी कुठपर्यंत आलो होतो?"

आणि तिनं सांगितलं.